पेटीतली बनात

आबा, आज दुपारी तुमची करंटची पेटी उघडली. आपल्या गायन पार्टीने नवा, मोठा कीबोर्ड घेतला तेव्हापासून ती विहारातल्या कपाटावर पडून होती. आता विहार रंगवायला काढलंय, म्हणून कुणीतरी ती चादरीत गुंडाळून रिक्षाने माझ्याकडे पाठवून दिली. वायर लावली तर दिवा लागला, आवाजही आला, पण मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्या दाबल्या की खालीच बसून राहत होत्या, आणि बोटाने उचलल्याशिवाय सूर थांबत नव्हता. मी टेबलावर जुनं धोतर अंथरलं, पेटी पालथी घातली आणि स्क्रू काढत बसले. तुम्ही असता तर लांबून बघत म्हणाला असता, 'भासन नाय ते, बाय. हळू.' खालचं झाकण निघालं आणि पट्ट्यांच्या पोटाशी ओळीने चिकटवलेले लाल बनातीचे, त्या जाड लोकरी कापडाचे, तुकडे दिसले. कडा अजून सरळ आहेत. तुम्ही नवं पातं लावून कापली होती ती बनात. तुम्ही आता कुठेही नाही, हे मी व्यासपीठावरून लोकांना ठणकावून सांगत आले आहे. मेलेल्या माणसाला काही पोचत नाही, जिवंतपणी पोचवा, असं म्हणत आले आहे. तरी आज तुमच्याशी बोलायचं आहे, आणि समोर कुणी नसताना बोलायची मला सवय नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमची पहिली पेटी हातभात्याची. बिरवाडीच्या आपल्या खोलीत ती पलंगाखाली असायची आणि आई तिला 'माझी सवत' म्हणायची. कारखान्यातून पॅकिंगची पाळी करून तुम्ही यायचा, हातांना कसली तरी पांढरी भुकटी चिकटलेली असायची, ती साबणाने आणि मग चिंचेने धुवायचा, आणि चहा घ्यायच्या आधी पेटी ओढायचा. आई चुलीपाशी बसून म्हणायची, 'आली बघा सवत मांडीवर. आता आमचा च्या थंड होनार.' तुम्ही हसायचा नाही, पण डावा हात भात्यावर जरा जोरात चालायचा. आपल्या गायन पार्टीत गाणारे शाहीर होते, ढोलकीवाले होते, कोरस होता, पण सगळ्यांना सूर द्यायचा तो तुम्ही. मी शाळेत शिकवायला लागले आणि दोन गाण्यांच्या मधे बोलायचं काम पार्टीने मला दिलं, तेव्हाही मी उठण्याआधी तुम्ही काळी दोनचा सूर हलकेच धरून ठेवायचा. बोलणाऱ्या माणसाला सूर कशाला लागतो, असं शाहीर चेष्टेने विचारायचे. तुम्ही म्हणायचा, 'तिचा आवाज वर पळतो. धरायला काय तरी नको का?'

मग सगळीकडच्या पार्ट्यांकडे कीबोर्ड आले. आपल्याकडे तो चाचांकडून आला. महाडला त्यांचे ट्रक होते, तुमच्या कारखान्याचा माल भरायला ते यायचे, पोती मोजता मोजता तुमची ओळख झाली होती. त्यांच्या मुलाने मस्कतहून आणलेला कीबोर्ड घरात पडून होता. ते म्हणाले, 'पोरगा गेला परत. घरात ना कोनाला सूर, ना ताल. पोरं नुसती बडवतात. तू घेऊन जा, वाजेल तरी.' तुम्ही तो छातीशी धरून एसटीने आणलात. रविवारी विहारात पार्टी जमली, पेटी टेबलावर ठेवली आणि तुम्ही वाजवायला बसलात. उजवा हात बरोबर चालला होता, पण डाव्या हाताला काम नव्हतं. थोड्या वेळाने बघितलं तर तो पेटीच्या मागच्या कडेवर पुढेमागे हलत होता. भाता नव्हताच, पण हात भाता ओढत होता. ढोलकीवाले म्हणाले, 'वारा नको घालू, करंट हाय त्यात.' सगळे हसले, तुम्हीही हसलात. तो हात तुम्ही पुढे मांडीखाली दाबून बसायला शिकलात. शिकलात म्हणजे काय, दर गाण्याला तो सुटून वर यायचा आणि तुम्ही परत खाली ओढायचा.

पहिल्याच पावसाळ्यात पट्ट्या चिकटायला लागल्या. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक, भिंतीला टेकलेला शर्टही ओला होतो. तुम्हाला नवल वाटलं नाही, कारण लाकडी पेटीच्या पट्ट्या दर पावसाळ्यात फुगायच्या, एकमेकींना घासून अडकायच्या, आणि त्यावरचा इलाज तुम्हाला पाठ होता. पट्टी काढायची, दोन्ही कडांना पॉलिश पेपर मारायचा, परत बसवायची. तुम्ही करंटची पेटी उघडलीत, चिकटणाऱ्या पट्ट्या काढल्यात आणि तोच इलाज केलात. प्लास्टिक फुगत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर आतलं जुनं ग्रीस धूळ आणि दमट हवा खाऊन डिंकासारखं झालं होतं. पुसून काढलं असतं तरी भागलं असतं. पण तुमच्या हाताला फुगलेलं लाकूडच ठाऊक होतं. घासल्यावर पट्ट्या मोकळ्या झाल्या, इतक्या मोकळ्या की दाबल्या की डुगडुगायच्या आणि सोडल्या की टक्क आवाज करायच्या. आधी अडकणारी पेटी आता वाजता वाजता टकटकायला लागली.

घरात ती टकटक कुणाला बोचली नसती. पण आपल्याकडे पेटीची वायर थेट कर्ण्याच्या मशीनला जोडायची सोय नव्हती. कार्यक्रमात पेटीच्या स्वतःच्या स्पीकरपुढे एक माईक उभा करायचा, आणि त्या माईकमधून सुराबरोबर टकटकही कर्ण्यावर जायची. सव गावी एका बारशाला आपण गायलो, तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले लोक ढोलकीच्या मधे हे काय वाजतंय म्हणून बघत होते. शाहिरांनी तेव्हाच तुम्हाला बाजूला घेतलं. ते वाईट नव्हते. ते म्हणाले, 'वर्षावास समाप्तीला पोलादपूरकडं सामना हाय. समोर माणगावची पार्टी. तवर ह्या पेटीचं काय ते कर, नायतर माझ्या भाच्याला बसवू दे. त्याची बोटं हलकी हायत.' तुम्ही मान हलवलीत. त्या दिवसापासून तुमच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे आईला कळत होतं, मला कळत होतं. पाळी संपली की पेटी उघडायची, एकेक पट्टी दाबून कान लावायचा, कधी मेणबत्ती घासायची, कधी शंखजिरं, कधी आईच्या केसांचं तेल. तेलाने आतलं रबर चिकट झालं आणि दोन पट्ट्या उलट पुन्हा अडकल्या. मी म्हणाले, मुंबईला पाठवू, दुरुस्त करून आणू. तुम्ही म्हणालात, 'माझी पेटी दुसऱ्यानं उघडली तर मी पेटीवाला कशाचा?' मुंबईचं मी परत काढलं नाही, कारण या वाक्यावर मला टाळी वाजवावीशी वाटली होती.

सामन्याचा दिवस मला अजून दिसतो. उमरठच्या पुढची ती वाडी, विहारापुढचं सारवलेलं अंगण, मुंबईहून आलेले वाडीच्या मंडळाचे लोक नवे शर्ट घालून खुर्च्यांवर बसलेले. सामना दिवसाच ठेवलेला, कारण त्यांना संध्याकाळच्या गाडीने परत जायचं असतं. ऊन उतरतं आहे. दोन पार्ट्या समोरासमोर. आपले शाहीर गातात, लोक डोलतात, आणि गाण्याच्या प्रत्येक ओळीखाली ती टकटक चालली आहे. मग माणगावचा गाणारा उठतो. तो हजरजबाबी म्हणून नावाजलेला. तो ढोलकी थांबवतो, कानामागे हात धरतो आणि म्हणतो, 'मंडळी, आवाज येतोय का? मला वाटलं ह्यांचा पेटीवाला पेटी वाजवतोय. हा तर आडकित्त्यानं सुपारी कातरतोय. ओ पेटीवाले, झाली कातरून तर एक खांड हिकडं द्या की.' लोक खो खो हसतात. बायका पदर तोंडाला लावतात. मुंबईवाले सुद्धा हसतात. सामन्यात हे चालतं, समोरच्याला असं चिमटे काढायचेच असतात, आपल्या शाहिरांनीही त्याच्या टकलावर दोन कडवी रचून आणली होती. तुम्ही खाली बघून हसत होता. डावा हात पेटीच्या मागे हलत होता, पेटी बंद असताना.

मी उठले. माईक माझ्याकडे आला आणि मी विचारलं, हसता कुणाला? दिवसभर पोती शिवून ज्यांची बोटं सुजतात, ज्यांच्या हाताची भुकटी साबणाने निघत नाही, त्यांना? ज्या हातांना पिढ्यानपिढ्या कुणी वाद्याला शिवू दिलं नाही, ते हात आज सुरावर आहेत, आणि तुम्हाला त्यातून सुपारीचा आवाज येतो? अजूनही पुष्कळ बोलले. मला माझे शब्द आठवतात, कारण ते पुढे मी अनेक ठिकाणी बोलले. एक म्हातारी रडायला लागली. माणगावचा गाणारा स्वतः उठून तुमच्या पाया पडायला आला आणि तुम्ही त्याला अर्ध्यातच धरलंत. सामना आपण जिंकला. मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्या भाषणाबद्दल बोलून नारळ शाहिरांच्या हातात दिला.

परतीच्या टेम्पोत तुम्ही माझ्या शेजारी होता, पेटी मांडीवर. पोलादपूर मागे पडलं. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणालात, 'हसलं असतं ना गो लोक. हसलं असतं नि इसरलं असतं. तू मला बिचारा केलंस, बाय.' मी म्हणाले, 'आबा, मी तुमची बाजू घेतली.' तुम्ही म्हणालात, 'घेतलीस. मी पेटी दुरुस्त करनार हुतो. आता मी ती कशीबी वाजवली तरी लोक टाळ्या देतील. मग दुरुस्त कशाला करायची?'

आबा, इतकी वर्षं झाली, मी तुमच्याशी या वाक्यावर भांडते आहे. बसमधे, आंघोळ करताना, सभेला जाताना. मी पुस्तकं वाचली, माणसाला हसून लहान कसं करतात हे मी कितीतरी वेळा लोकांपुढे मांडलं, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की मी बरोबर होते. आजही वाटतं. कष्टाच्या हातांना हसलं तर उत्तर दिलंच पाहिजे. गंमत म्हणून ऐकून घेत घेतच माणसं वाकतात. पण हे मी तुम्हाला कधी पटवू शकले नाही. हजार माणसं पटली आणि शेजारी बसलेला माणूस नाही पटला. तुम्ही वाद घालायचा नाहीत ना. तुम्ही फक्त उठलात.

पुढच्या रविवारी विहारात पार्टी जमली. तुम्ही पेटी टेबलावर नेऊन ठेवलीत, फडक्याने पुसलीत आणि शाहिरांच्या भाच्याला म्हणालात, 'बस रे.' तो बिचकला. शाहीर म्हणाले, 'अरे, मी काय बोललो का आता? सामना मारला आपन. बस तू तुजा.' तुम्ही म्हणालात, 'मला मागं बरं वाटतं,' आणि कोरसात जाऊन टाळ घेऊन बसलात. तालीम संपल्यावर करंटची पेटी तुम्ही परत घरी आणलीत, आणि मी आकांत केला. आई ओट्यावर बोंबील साफ करत होती. मी म्हणाले, सोडायची नव्हती जागा, लोक आता तुमच्या बाजूने आहेत. तुम्ही पलंगाखालून हातभात्याची जुनी पेटी ओढलीत, वाजवायला नव्हे. वरची फळी काढलीत, पट्ट्या एकेक करून उचलून वर्तमानपत्रावर मांडल्यात आणि त्यांच्या खाली अंथरलेली लाल बनात, पट्टी पडली की आवाज होऊ नये म्हणून असते ती, सुरीच्या टोकाने सोडवायला लागलात. सगळी निघाली. मग नवं पातं, लाकडाची फूटपट्टी, आणि करंटच्या पेटीच्या मापाने तुकडे. वळलेल्या धाग्यासारखे बारीक तुकडे तुम्ही पट्ट्या ज्यात सरकतात त्या खुंट्यांनाही गुंडाळलेत, म्हणजे घासून झालेली ढिलाई भरून निघेल. त्या आधी आतलं सगळं जुनं ग्रीस स्पिरिटने पुसून काढलंत. इतके महिने चुकत चुकत तुम्हाला ते सापडलं होतं, आणि सापडलं ते जागा सोडल्यावर. आई बोंबलाचं डोकं मोडत म्हणाली, 'एका सवतीचं लुगडं फाडून दुसरीला चोळ्या शिवताय होय. नि ती चोळी घालून नाचनार कोनाकडं, तर त्या पोराकडं.' तुम्ही म्हणालात, 'टकटक माझी हाय. माझी टकटक त्याच्या नावावर नको.'

त्यानंतरचा कार्यक्रम महाडलाच होता, तळ्याजवळच्या मैदानात. भाचा वाजवत होता, माईक स्पीकरपुढे होता, आणि कर्ण्यातून फक्त सूर येत होता. तुम्ही कोरसात मान एका बाजूला करून बसला होता. गाणं संपलं, लोकांनी शाहिरांना दाद दिली, भाच्याला दाद दिली, मीही बोलले, मलाही दिली. टकटक गेली हे कुणालाच कळलं नाही. न वाजणारी गोष्ट कुणाला कळणार? रस्त्याने चालताना मी म्हणाले, 'कुणी एक शब्द बोललं नाही तुम्हाला.' तुम्ही म्हणालात, 'नाय ना? मंजे बरी झाली.' इतकं खूश मी तुम्हाला सामना जिंकल्यावरही बघितलं नव्हतं, आणि त्याचा मला राग आला होता.

मग तुमचा दमा वाढला. कारखाना सुटला, पार्टीत जाणंही सुटलं. शेवटच्या पावसाळ्यात तुम्ही पुन्हा हातभात्याची पेटी मागितलीत. पट्ट्यांखाली बनात नव्हती, लाकडावर लाकूड आपटायचं. एका सुराला एक टक्क. भाता ओढताना तुम्हालाच धाप लागायची, त्यामुळे गाणं असं नसायचंच, एक सूर, मग थांबणं, मग दुसरा. मी दौऱ्यावरून यायचे, घसा बसलेला असायचा, आणि जिन्यापासूनच ती टकटक ऐकू यायची. मला ते सहन व्हायचं नाही. मी म्हणाले, 'पुण्याला बनात मिळते, पेटी बनवणाऱ्यांकडे. पुढच्या खेपेला आणते.' तुम्ही उशीला टेकून होता. म्हणालात, 'ऱ्हाऊ दे गो. हितं कोन माईक लावतंय?' आईने तुमच्या पाठीवरून हात फिरवला आणि बऱ्याच दिवसांनी सवतीवरून काहीतरी बोलली, ते मला नीट ऐकू आलं नाही. तुम्ही दोघं हसलात. हसताना तुम्हाला खोकला आला. दिवाळी यायच्या आधीच तुम्ही गेलात.

तुमच्या शोकसभेत मी बोलले. सगळे म्हणाले, असं भाषण आम्ही ऐकलं नाही. त्यात सामना होता, हात होते, भुकटी होती. बनातीबद्दल मी काही बोलले नाही. ती भाषणात बसत नव्हती. नंतर आईने हातभात्याची पेटी झाकून ठेवली, आणि आईही गेल्यावर ती कुणी मागितली त्याला मी देऊन टाकली. नव्या मालकाने तिच्यात काय घातलं, मला माहीत नाही.

आज स्पिरिट आणलं, कापूस आणला. खुंट्या पुसल्या, पट्ट्या कोमट पाण्यात धुऊन वाळवल्या. तुमची बनात काही ठिकाणी कसरीने खाल्ली आहे. बाजारात आता चिकट पाठीचा फोम मिळतो, दुकानदार म्हणाला, 'मॅडम, हा लावा, पाच मिनिटांचं काम.' मी घेतला, लावला मात्र फक्त खाल्लेल्या जागी. परत जोडताना तीन वेळा चुकले. सगळ्या पट्ट्या आता वर येतात, आवाज न करता. मला एक गाणंही वाजवता येत नाही, म्हणून एकेक दाबून बघितली आणि बंद केली. शेजारची मुलगी शिकायची म्हणते, तिला देईन.

आणि आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. माझ्या घशात गाठी आल्या आहेत, आबा. साध्याच, कर्करोग नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभर मोठ्याने बोलायचं नाही, आणि नंतरही पूर्वीसारखा आवाज मिळेल असं धरू नका. मला बोलताना मधेच हवा सुटल्यासारखी होते, शब्दाचं शेपूट गळून पडतं. गेल्या कार्यक्रमात मागच्या रांगा आपसांत बोलत होत्या. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता फार चांगलं बोलते; माझ्यापेक्षा शांत बोलते, आणि लोक तिचं ऐकतात. दरवर्षीच्या सभेच्या समितीतल्या पोरांनी अतिशय आदराने विचारलं, 'मॅडम, यंदा मुख्य भाषण तिला देऊ या का? तुम्ही अध्यक्षस्थानी बसा, फक्त आशीर्वाद द्या.' मी त्या जागेवर किती वर्षं उभी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही जागा सोडलीत तेव्हा मी तुम्हाला सांगत होते, लोक तुमच्या बाजूने आहेत, उठू नका. मला तसं सांगणारं घरात कुणी नाही, आणि असतं तर मी लगेच ऐकलं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते पेटीबरोबरही देणार नाही. समितीला उत्तर द्यायचं आहे. डॉक्टरांचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज सकाळी समितीच्या पोरांचा पुन्हा फोन आला, तेव्हा मी म्हणाले, साधी सर्दी आहे, सभेपर्यंत उतरेल.